ख्रिस्ती जीवनातील पापांगीकार आणि आध्यात्मिक वाढ : एक विवेचन

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचारात बाप्तिस्मा हा नव्या जीवनाचा आरंभ मानला जातो. या संस्काराने मागील पापांची क्षमा होते, अशी चर्चची प्राचीन श्रद्धा आहे. तथापि ज्याला क्षमा मिळाली आहे असा ख्रिस्ती मनुष्य पुढे आयुष्यभर प्रार्थनेत, उपासनेत किंवा धर्मगुरूंपुढे आपले पाप पुन्हा पुन्हा कबूल करताना दिसतो. यातून एक स्वाभाविक प्रश्न उद्भवतो. क्षमा खरोखर मिळाली असेल तर वारंवार कबुली कशासाठी? आणि कबुली रोजच द्यावी लागत असेल, तर त्या मनुष्यात बदल झाला असे कशावरून म्हणावे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्याच्या उत्तरावर श्रद्धावान व्यक्तीची मनःशांती, तिचे इतरांशी असलेले नाते आणि धर्मसंस्थेचा तिच्यावरील अधिकार या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात पापांगीकार या संकल्पनेचा अर्थ, तिचा बायबलमधील आधार, चर्चच्या इतिहासात तिच्यात झालेले परिवर्तन आणि आध्यात्मिक वाढीशी असलेले तिचे नाते यांचा परामर्श घेतला आहे. महाराष्ट्रापुरते पाहता पंडिता रमाबाई यांचे जीवन या दृष्टीने विशेष बोलके असल्याने त्याचाही विचार केला आहे.

१. संज्ञांचा अर्थ

बायबलच्या जुन्या करारात पश्चात्तापासाठी ‘शूव’ हे हिब्रू क्रियापद येते. त्याचा मूळ अर्थ ‘माघारी वळणे’ असा आहे. वाट चुकलेल्या प्रवाशाने पाय थांबवून योग्य दिशेला तोंड करावे, तशी ही क्रिया आहे. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मनाचा, विचार करण्याच्या रीतीचाच पालट. पाप कबूल करणे या अर्थी ग्रीकमध्ये ‘होमोलोगेइन’ हे क्रियापद योजलेले आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘तेच म्हणणे’, म्हणजे देव ज्या कृत्याला पाप म्हणतो त्याला आपणही पापच म्हणणे, असा होतो. लॅटिनमधील ‘कॉन्फेसिओ’ या शब्दात पापाची कबुली, श्रद्धेची जाहीर ग्वाही आणि देवाची स्तुती असे तीनही अर्थ एकत्र नांदतात.

मराठी ख्रिस्ती भाषेत यासाठी ‘पापांगीकार’, ‘पापनिवेदन’, ‘पापकबुली’ असे शब्द रूढ आहेत. गोव्यातील कोकणी भाषक ख्रिस्ती समाजात पोर्तुगीज शब्दावरून आलेला ‘कुमसार’ हा शब्द वापरला जातो. मराठी बायबलमध्ये मात्र ‘पाप पदरी घेणे’ असा अस्सल देशी वाक्प्रचार स्वीकारलेला आहे. हा वाक्प्रचार अर्थाच्या दृष्टीने फार समर्पक आहे. जे पदरी घेतले ते आपले झाले. त्याचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडता येत नाही.

येथे ‘प्रायश्चित्त’ या शब्दाविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. धर्मशास्त्रीय परंपरेत प्रायश्चित्त म्हणजे दोषनिवारणार्थ सांगितलेले विहित कर्म. कॅथलिक मराठीतही तो शब्द संस्काराच्या नावात आला; परंतु त्याचा आशय बदलला. ख्रिस्ती विचारानुसार क्षमा ही कर्माने मिळवायची वस्तू नसून ती कृपेने मिळते. प्रायश्चित्ताचे कर्म हे त्या क्षमेचे मोल नसून तिला दिलेला प्रतिसाद होय.

२. बायबलमधील आधार

उत्पत्तीच्या पुस्तकातील आदामाच्या कथेत पहिल्या पापाइतकीच पहिली सबबही महत्त्वाची आहे. जाब विचारला जाताच आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो आणि स्त्री सर्पाकडे. पाप पदरी न घेण्याचे हे आद्य उदाहरण म्हणता येईल. याच्या उलट दुसऱ्या शमुवेलात दावीद राजाची कथा येते. उरीयाची पत्नी बथशेबा हिच्याशी व्यभिचार करून दावीदाने उरीयाला युद्धात मारविले. नाथान संदेष्ट्याने त्याला एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली. गोष्टीतील धनवानावर दावीद संतापला आणि तो धनवान तूच आहेस हे ऐकताच त्याने कोणतीही सबब न देता दोष मान्य केला. एक्कावन्नावे स्तोत्र परंपरेने या प्रसंगाशी जोडले जाते. त्या स्तोत्रात क्षमेची याचना आहेच. पण त्याहून पुढे जाऊन शुद्ध अंतःकरण नव्याने निर्माण व्हावे अशी मागणी आहे. कबुली आणि वाढ यांचा सांधा येथेच जुळतो.

नव्या करारातील तीन गोष्टी या संदर्भात लक्षणीय आहेत. पहिली, प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच क्षमेची मागणी येते. म्हणजे भाकरीप्रमाणे क्षमाही रोजची गरज मानली आहे. दुसरी, योहानाच्या पहिल्या पत्रात पाप पदरी घेण्याचा उपदेश श्रद्धाहीनांना नव्हे, तर विश्वासणाऱ्यांनाच उद्देशून आहे. आपल्यात पाप नाही असे म्हणणे ही तेथे आत्मवंचना ठरविली आहे. तिसरी, याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे, म्हणजे कबुलीला सामुदायिक बाजूही आहे.

वाढीच्या संदर्भात मार्काच्या शुभवर्तमानातील बीजाचा दृष्टान्त पुरेसा बोलका आहे. शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा अशी वाढ त्याच्या नकळत होत जाते. पौलानेही फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आपण परिपूर्ण झालो असा दावा न करता, लक्ष्याकडे धावणाऱ्याची प्रतिमा योजली आहे. थोडक्यात, नव्या करारात श्रद्धेचा आरंभ निर्णायक आहे, परंतु तिचा परिपाक क्रमाक्रमाने होणारा आहे.

३. ‘एकदाच’कडून ‘वारंवार’कडे

आरंभीच्या चर्चला ही दुहेरी भूमिका पेलणे सोपे गेले नाही. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडल्यास पश्चात्तापाची आणखी एकच संधी मान्य केलेली दिसते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुलियननेही अशीच मर्यादा सांगितली. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने सर्वांना देवतांना यज्ञार्पण करण्याची सक्ती केली, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचविण्यासाठी ती आज्ञा पाळली. संकट ओसरल्यावर त्यांना परत घ्यावे की नाही यावर तीव्र वाद झाला. रोमच्या नोव्हेशियनने त्यांना कायमचे दूर ठेवण्याचा आग्रह धरला, तर कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्तानंतर त्यांना स्वीकारण्याची भूमिका घेतली. पुढे चर्चमध्ये सिप्रियनचीच भूमिका टिकली.

तरीही त्या काळचे प्रायश्चित्त जाहीर, कठोर आणि आयुष्यात एकदाच मिळणारे होते. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका येथील हत्याकांडाबद्दल मिलानचा बिशप अम्ब्रोज याने सम्राट थिओडोसियसला जाहीर प्रायश्चित्त घेण्यास भाग पाडले. सम्राटालाही पाप पदरी घ्यावे लागते, हा या घटनेचा संदेश होता. परंतु सामान्य माणसाच्या बाबतीत या पद्धतीचा परिणाम वेगळाच झाला. संधी एकच असल्याने लोक प्रायश्चित्त म्हातारपणापर्यंत, किंबहुना मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकू लागले. ज्या व्यवस्थेने पापाचे गांभीर्य जपायचे, तिनेच पश्चात्ताप जगण्यातून बाहेर काढून मरणाच्या दारात नेऊन ठेवला.

यावरील तोडगा आयर्लंडमधील मठांतून पुढे आला. सहाव्या-सातव्या शतकांत तेथील साधूंनी खाजगी आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची पद्धत रूढ केली. फिनियन, कोलंबानस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रायश्चित्तसंहितांत दोषावर त्याच्या विरुद्ध गुणाचा उपाय सांगितलेला आहे: बडबड्याला मौन, खादाडाला उपवास, भांडखोराला सौम्यता. येथे पापाकडे गुन्हा म्हणून पाहण्याबरोबरच रोग म्हणून पाहिले जाऊ लागले. रोग म्हटला की उपचार आला, पथ्य आले आणि हळूहळू येणारा गुणही आला. हा बदल सहजासहजी स्वीकारला गेला नाही, इ. स. ५८९ च्या तोलेदो येथील परिषदेने वारंवार प्रायश्चित्त देण्याच्या प्रथेचा निषेध केला होता. तरीही पुढील काही शतकांत हीच पद्धत पश्चिम युरोपभर पसरली.

इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम केला. त्याच नियमात धर्मगुरूने जखमेवर उपचार करणाऱ्या कुशल वैद्याप्रमाणे वागावे आणि ऐकलेले कधीही उघड करू नये अशी ताकीद आहे. इ. स. १५५१ मध्ये ट्रेन्ट परिषदेने अनुताप, निवेदन आणि प्रायश्चित्तकर्म ही या संस्कारातील पश्चात्तापी व्यक्तीची तीन अंगे म्हणून निश्चित केली. दुसरीकडे १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आपल्या पंचाण्णव सिद्धान्तांतील पहिल्याच सिद्धान्तात विश्वासणाऱ्याचे अवघे जीवनच पश्चात्तापमय असावे असे प्रतिपादिले. प्रोटेस्टंट परंपरेने धर्मगुरूपुढील निवेदनाची सक्ती नाकारली, पण पश्चात्ताप नाकारला नाही. उलट तो वार्षिक कर्तव्यातून काढून रोजच्या जगण्यात आणण्याचा प्रयत्न केला. या दोन परंपरांत मतभेद मोठे असले, तरी कबुली ही एकदाच घडून संपणारी घटना नाही या मुद्द्यावर दोघींचे एकमत आहे.

४. संत ऑगस्टीन : धर्मांतरानंतरचे आत्मपरीक्षण

इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीनने सुमारे दहा वर्षांनंतर, हिप्पोचा बिशप असताना ‘कन्फेशन्स’ हा तेरा भागांचा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यातील पहिल्या नऊ भागांत पूर्वायुष्य येते. पेअरची फळे चोरल्याचा प्रसंग आणि मिलानच्या बागेतील परिवर्तन हे भाग सर्वपरिचित आहेत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दहावा भाग अधिक मोलाचा आहे.

दहाव्या भागात ऑगस्टीन आपण पूर्वी कोण होतो हे न सांगता आज कोण आहोत हे सांगतो. बिशप झाल्यावरही स्वप्नांतून येणाऱ्या वासना, अन्नाची गोडी, स्तोत्रगायनातील अर्थापेक्षा सुरांत रमणारे मन, निरर्थक कुतूहल आणि विशेषतः स्तुतीची हाव यांची तो एकेक करून झडती घेतो. स्तुतीचा त्याग केल्याबद्दलही मनात अभिमान उत्पन्न होतो, हे त्याने अचूक टिपले आहे. ज्या माणसाने आरंभी चोरी आणि विषयासक्ती यांसारखी ठळक पापे कबूल केली, तोच पुढे अतिसूक्ष्म दोष ओळखू लागतो. खोलीत उजेड वाढला की धूळ अधिक दिसते; धूळ वाढलेली नसते. आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे येथे सापडते. कबुली चालू राहणे हे वाढ खुंटल्याचे लक्षण नसून, कबुलीचा विषय अधिकाधिक अंतर्मुख होत जाणे हेच वाढीचे लक्षण आहे.

५. वाढीची साधने

क्रमशः होणाऱ्या वाढीसाठी वेगवेगळ्या परंपरांनी नित्याच्या साधना घडविल्या. इग्नेशियस लोयोला याच्या १५४८ साली छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात एक अत्यंत व्यवहार्य पद्धत आहे. साधकाने एका वेळी एकच दोष निवडावा, सकाळी त्याविषयी निश्चय करावा, दुपारी आणि रात्री तो किती वेळा घडला हे आठवून रेघांवर तितके ठिपके द्यावेत. मग दुपारची रात्रीशी, कालची आजशी आणि मागील आठवड्याची या आठवड्याशी तुलना करावी. सगळे दोष एकाच दिवशी नाहीसे करण्याचा हट्ट येथे नाही. ‘मी पापी आहे’ या मोघम विधानापेक्षा ‘आज मी तीनदा संतापलो’ हे विधान अधिक प्रामाणिक आणि म्हणून अधिक उपयुक्त ठरते.

इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने २५ डिसेंबर १७३८ रोजी लहान गटांसाठी नियम तयार केले. या गटांतील सदस्य आठवड्यातून एकदा भेटत आणि मागील भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली हे परस्परांना मोकळेपणाने सांगत. याकोबाच्या पत्रातील परस्पर कबुलीला वेस्लीने असे व्यवस्थित रूप दिले. एकाची साधना एकांतातील वहीत आहे, दुसऱ्याची मित्रमंडळात. दोन्हींत नियमितपणा आणि नेमकेपणा हे गुण समान आहेत.

६. महाराष्ट्रातील उदाहरण : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. बाह्यतः येथे धर्मांतराची कथा पूर्ण होते. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र ती येथून सुरू झाली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट केले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त गवसला नव्हता. ही जाणीव होण्यास त्यांना सुमारे आठ वर्षे लागली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मकथनाचा त्यांच्यावर परिणाम झाला. धर्मोपदेशक म्हणून काम करीत असतानाही आपले अंतःकरण पालटलेले नव्हते, हा त्याचा अनुभव वाचून त्यांनी स्वतःची तपासणी केली.

या कबुलीचे मोल समजण्यासाठी तिची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. रमाबाई तेव्हा शारदा सदनाच्या संस्थापिका, संस्कृत पंडिता आणि जगप्रसिद्ध विदुषी होत्या. धर्मांतरामुळे त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला होता. अशा व्यक्तीने आपली श्रद्धा अपुरी होती असे सांगणे म्हणजे टीकाकारांच्या हाती शस्त्र देणेच होते. दुसरी गोष्ट अशी की, मधल्या वर्षांत त्यांनी आपल्या शंका दडपल्या नाहीत. इंग्लंडमधील धर्मभगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी त्यांनी निर्भीडपणे वाद घातलेला दिसतो; आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा माणसाच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. शंका लपवून दाखविलेल्या आज्ञाधारकपणातून जी वाढ झाली नसती, ती या प्रामाणिकपणातून झाली.

पुढे १९०५ च्या मध्यास केडगावच्या मुक्ती सदनात मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. अनेक मुलींनी अश्रू ढाळीत आपली पापे कबूल केली. या घटनेतील भावनावेग साहजिकच अधिक चर्चिला गेला. परंतु शाळा, शेती, विणकाम, छापखाना यांतून चाललेले मुक्ती सदनाचे रोजचे काम त्याआधीही होते आणि त्यानंतरही राहिले. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराच्या कष्टप्रद कामास दिली. भावनेची भरती अंकुरासारखी असते. दाणा भरतो तो अशा नित्य परिश्रमांत.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच संदर्भात थोडक्यात नोंदविता येईल. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्याओवळ्याचे आणि जातिभेदाचे संस्कार मनातून कसे हळूहळू गळून पडले, हे त्यांनी स्वतःच्या फजितीसह विनोदाने सांगितले आहे. पाप पदरी घेण्यास नेहमी शोकाचाच सूर लागतो असे नाही, हे त्यांच्या लेखनावरून कळते.

७. पापांगीकारातील धोके

पापांगीकार वाढीस साहाय्यभूत होतो, तसाच तो तिला मारकही ठरू शकतो. त्याचे चार प्रकार संभवतात.

पहिला धोका यांत्रिकतेचा. ठरावीक शब्दांत ठरावीक दोष सांगून मोकळे होणे म्हणजे हिशेबाची वही कोरी करून पुन्हा तेच कर्ज काढणे होय.

दुसरा धोका अतिशंकेचा. प्रत्येक विचारात पाप पाहणाऱ्या मनाला क्षमेवर विसंबता येत नाही. मठवासी असताना स्वतः ल्यूथर या यातनेतून गेला. तासन्‌तास पापे आठवूनही काही राहून गेल्याची भीती त्याला छळत असे. येथे लक्ष देवाच्या दयेवरून स्वतःच्या दोषांवर खिळून राहते.

तिसरा धोका सत्तेचा. दुसऱ्याचे गुपित ज्याला ठाऊक असते त्याच्या हाती सत्ता येते. २०१८ साली केरळमधील काही धर्मगुरूंवर पापनिवेदनातील माहितीचा गैरवापर करून स्त्रीचे शोषण केल्याचे आरोप झाले आणि राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. चर्चच्या अनेक नेत्यांनी या शिफारशीस विरोध केला. प्रथेच्या भवितव्याविषयी मतभिन्नता असली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे: गोपनीयतेचे बंधन हे केवळ धार्मिक शिष्टाचार नसून दुर्बलाच्या संरक्षणाची ती अट आहे.

चौथा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. देवापुढे कबुली दिली म्हणजे ज्याचा अपराध केला त्याच्याशी काही कर्तव्य उरले नाही, असा समज होऊ शकतो. बायबल याला आधार देत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय पापांची यादी वाचीत नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करण्याचे तो जाहीर करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर वेदीपाशी अर्पण ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करण्यास सांगितले आहे. भरपाई शक्य असूनही ती टाळणारी कबुली अपुरीच राहते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. क्षमा आणि वाढ यांचा काळ वेगळा आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्षमा तत्काळ मिळते. स्वभावाचा पालट मात्र सावकाश होतो. वारंवार कबुली देणे म्हणजे पूर्वीच्या क्षमेवर अविश्वास दाखविणे नव्हे.

२. ‘एकदाच’ मिळणाऱ्या प्रायश्चित्तापासून नित्याच्या आत्मपरीक्षणापर्यंत चर्चचा जो प्रवास झाला, त्यामुळे पश्चात्ताप मृत्युशय्येवरून रोजच्या जीवनात आला.

३. पापांगीकार थांबणे ही वाढीची खूण नाही. तो मोघमाकडून नेमक्याकडे, बाह्य कृत्याकडून अंतःस्थ हेतूकडे आणि सबबींकडून जबाबदारीकडे सरकणे, ही वाढीची खरी खूण होय.

४. ज्याचे नुकसान झाले त्याच्याशी समेट आणि शक्य तेथे भरपाई हा या वाढीचा बाहेरून दिसणारा पुरावा आहे.

जे पदरी घेतले त्याचा भार वाटतो, यात शंका नाही. परंतु पदरी घेतलेलीच गोष्ट माणसाला सोडून देता येते. जी दुसऱ्याच्या माथी मारली ती मनात तशीच राहते. शेतातील तण दिसताच जो उपटतो, त्याला ते पुन्हा उगवल्याचे दुःख होते. तरी तो शेत टाकून जात नाही, कारण त्याच मातीत पीकही वाढत असते. पापांगीकाराचे ख्रिस्ती जीवनातील स्थान नेमके हेच आहे.